देव्हाऱ्यातली दुसरी फळी

त्या कपाटाची दारं उघडली की आधी वास येई. जुन्या फणसाच्या लाकडाचा, त्यात मुरलेल्या खोबरेल तेलाचा, आणि अगदी मागे कुठेतरी, नाव घेता घेता निसटून जाणारा आणखी कसला तरी. इस्राएलमधल्या येरुहामच्या कोरड्या हवेत, जिथे ओला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतो आणि वाऱ्याला धुळीखेरीज दुसरा गंध नाही, तिथे हा दमट, किंचित गोडसर दरवळ इतका परका वाटे की दार उघडणारा क्षणभर थांबेच. हिवाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास ऊन खिडकीतून तिरपं होऊन नेमकं त्या कपाटावर पडे, आणि काळवंडलेल्या लाकडाच्या पोटातून गऱ्यांचा जुना पिवळा रंग हळूहळू वर येई. सकाळची पाळी संपवून मी कारखान्यातून आलेली असे, पाय भरून आलेले असत, आणि चहाचा पेला घेऊन मी त्या उन्हासमोर मुकाट बसून राही. दिवसभरात तेवढी वीस मिनिटं माझी असत.

कपाट माझ्या छातीइतकं उंच होतं. दोन दारं, दारांवर वेलबुट्टी, चार कोपऱ्यांना चार कातीव खांब, वर निमुळतं होत गेलेलं शिखर आणि शिखराच्या टोकाशी मिटलेलं कमळ. कुणीही मराठी माणूस त्याला जे म्हणेल तेच आम्ही म्हणत असू: देव्हारा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. मूर्तीला ना आमच्या घरात जागा, ना प्रार्थनेत. तरी “ॲस्पिरिन देव्हाऱ्यात आहे” किंवा “देव्हाऱ्यातल्या चादरी काढ” ही वाक्यं आमच्याकडे इतकी रुळलेली होती की त्यात काही वावगं आहे हे मुंबईत कधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सासूबाईंनी शेवटच्या आजारात बजावलं होतं, “घर सोडाल तेव्हा पलंग टाका, भांडी टाका, पण गावचा देव्हारा टाकू नका.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, सासूबाईंना कारण विचारायचं म्हणजे अर्धी दुपार गेली, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. म्हणून रेवदंड्यापलीकडच्या एका खेड्यातून मुंबईच्या चाळीत आलेलं ते धूड पुढे आमच्याबरोबर समुद्र ओलांडून या वाळवंटातल्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात आलं. इथली हवा त्याला मानवली नाही. कधी कधी भर दुपारी ते कडकन वाजे, आणि नवी चीर शोधायला आमचे हे चष्मा लावून उठत.

मुंबईत मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. इथे बरण्यांना झाकणं लावत होते. ते काम कमीपणाचं आहे असं मी कधी मानलं नाही, पण माझी जीभ मास्तरणीचीच राहिली, आणि समोरचा चुकला की ती आपोआप पुढे होई. आमचे हे, बेन्जामिन, अगदी उलट. चार माणसांत बसले तर खुर्चीसुद्धा त्यांची दखल घेणार नाही, असा त्यांचा स्वभाव. आमची एकुलती एक एस्तेर तेव्हा वीस वर्षांची होती. मी मराठीत विचारावं आणि तिने हिब्रूत उत्तर द्यावं, असा आमचा संसार चालला होता, आणि त्याबद्दल मी रोज एकदा तरी कुरकुरत असे.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात एस्तेरने सांगितलं की तिला शिमोनशी लग्न करायचं आहे. शिमोन मोरोक्कोहून आलेल्या यहुद्यांचा मुलगा, एस्तेर कामाला होती त्याच कारखान्यात यंत्रावर काम करणारा, हसतमुख आणि सरळ. आम्हाला आनंदच झाला. पण ती वर्षं आमच्या लोकांना अवघड होती. लग्नाची नोंद करायला गेलं की आम्हा बेने इस्राएलांना वेगळे प्रश्न विचारले जात: आईची आई कोण, तिची आई कोण, तिचं लग्न कुणी लावलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? बीरशेवा शहराला बसने जाऊन तिथल्या लग्ननोंदणीच्या कचेरीत आम्ही तीन पानांचा अर्ज भरला. टेबलापलीकडचा कारकून वाईट नव्हता, थकलेला होता. तरी पणजीच्या आईचं नाव मला येईना तेव्हा त्याने ज्या सवयीने त्या रकान्यात आडवी रेघ ओढली, ती माझ्या काळजावर ओढल्यासारखी मला लागली. दोन हजार वर्षं शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या माणसांना कुणी कागदावर विचारावं की तुम्ही कोण? परतीच्या बसमध्ये मी मोठ्याने काय काय बोलले ते आठवलं की आता मलाच हसू येतं. पुढच्या बाकावरची रुमानियन बाई उठून मागे जाऊन बसली.

त्याच आठवड्यात शिमोनच्या वडिलांचा निरोप आला. त्यांचं नाव मसूद. पाथरवट, अतिशय धार्मिक, शब्दाचे पक्के असा त्यांचा लौकिक. कचेरीत काय ठरायचं ते ठरेल, पण आपण मुलीच्या घरी एकदा येऊन बसू आणि मग हो की नाही ते सांगू, असं त्यांनी कळवलं होतं. येणार मंगळवारी दुपारी चार वाजता. मंगळवार आम्हा यहुद्यांना शुभ. शिमोनने एस्तेरला आधीच सांगून ठेवलं होतं की वडील नाही म्हणाले तर तो त्यांच्या विरुद्ध जाणार नाही. पोरगी ते मला सांगताना हसत होती, आणि हसता हसता तिने हातातल्या पेल्यातला चहा न पिताच ओतून दिला.

मी घर आवरायला घेतलं. भिंती पुसल्या, पडदे धुतले, आणि सोमवारी दुपारी खोलीच्या मध्यभागी उभी राहून, मसूद दारातून आत येतील तेव्हा त्यांना काय दिसेल ते त्यांच्या नजरेने पाहू लागले. समोर, उन्हात, कमळासकट, देऊळ उभं होतं. इतकी वर्षं त्या कपाटातल्या चादरी मी रोज काढल्या, पण ते असं कधी दिसलं नव्हतं. चादर टाकून झाकलं तर शिखर वर येऊन आणखीच संशय वाढवत होतं. बाहेर काढावं तर दार अरुंद, आणि शेजारीपाजारी सगळे खिडक्यांत. मी सरळ हैमकाकांना बोलावणं पाठवलं.

हैमकाका आमच्याच वस्तीत राहत. परळच्या रेल्वे वर्कशॉपात उभी हयात सुतारकाम केलेला माणूस; सत्तरी गाठली होती, पण हात अजून पट्टीसारखा सरळ. ते करवत घेऊन आले. मी म्हटलं, “काका, हे शिखर कापा. वरून सपाट करा. साधं कपाट दिसलं पाहिजे.”

“काय मास्तरीणबाई, मुंडकंच उडवायचं म्हणता? याने काय गुन्हा केला?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढून कमळाखाली एक रेघ मारली, आणि मग करवत उचलायच्या ऐवजी खाली ठेवली. “आधी बघू दे,” ते म्हणाले. “काय कापतोय ते ठाऊक नसताना मी कधी कापलं नाही.”

मला घाई होती, पण सुताराला घाई करून उपयोग नसतो. त्यांनी सगळ्या चादरी काढायला लावल्या, दारं सताड उघडली आणि गुडघे टेकून आत डोकं घातलं. बोटांच्या पेरांनी ते भिंती चाचपत होते, मध्येच हुंगत होते. बराच वेळ त्यांची पाठच तेवढी दिसत होती. मग आतूनच त्यांचा आवाज आला. “देव ठेवायला पायऱ्या नाहीत. धुराचा काळा डाग नाही. आत वात कधी जळलीच नाही हो याच्या. दिवा बाहेर टांगायचे, हा बघा दारावरचा आकडा, तेल ठिबकून ठिबकून खालचं लाकूड कसं झालंय.” मग त्यांनी माझा हात धरून आत नेला आणि तळावर टेकवला. “आता सांगा, हे काय?”

तळाच्या फळीत दोन उथळ खळगे होते, वाटोळे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. बोटं त्यांत सहज बसली. मी काका काय म्हणतात याची वाट बघत राहिले, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच मला कळलं. तोरेचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, चर्मपत्र दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेलं असतं. ते कपाटात उभं ठेवलं की दांड्यांची टोकं तळाला टेकतात. दर शब्बाथला काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. किती शब्बाथ जावे लागले असतील, लाकडाला असे खळगे पडायला? हे हेखाल होतं. खेड्यातल्या आमच्या प्रार्थनाघरात तोरा ठेवायचं पवित्र कपाट होतं, आणि गावातल्या सुताराने देवाचं कपाट म्हणजे त्याला जे ठाऊक तेच घडवून दिलं होतं. प्रार्थनाघर मोडल्यावर, यांच्या जन्माआधीच, ते घरी आलं असणार, आणि मी त्यात चादरी आणि ॲस्पिरिन ठेवत होते. मला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही, कारण कारकुनाच्या त्या आडव्या रेघेवर मारायला माझ्या हातात आता दोन खळगे होते. येऊ देत म्हटलं उद्या मसूदना. दारं उघडून दाखवीन.

काका मात्र अजून तळाकडेच बघत होते. ही फळी सागाची आहे, म्हणाले, बाकी सगळं फणसाचं. ही याच्या घरची नव्हे. त्यांनी बाहेरून तळाची जाडी मोजली, आतून मोजली, मान हलवली, आणि पटाशीचं टोक फटीत घालून फळी अलगद उचलली. खाली दुसरी फळी होती, फणसाची. तिच्यावर तीन छोट्या पायऱ्यांच्या खुंट्यांची भोकं होती, आणि मधोमध, लाकडाच्या रेषारेषांत शिरलेला, तळहाताएवढा लालभडक डाग. त्याच्या कडेला हळदीची पिवळी झाक होती. आणि इतकी वर्षं ज्याचं नाव सापडत नव्हतं तो वास खोलीत भरून राहिला. चंदनाचा होता तो.

“देव्हाराच आहे,” काका शांतपणे म्हणाले. “आधी देव्हारा, मग हेखाल. समई तेव्हाही बाहेरच लावत असतील. कुणीतरी आपले देव काढून घेतले, आणि कपाट आपल्या लोकांना दिलं.”

“का दिलं?”

“कुणाला तरी हवं होतं आणि कुणाला तरी द्यावंसं वाटलं. यापुढचं लाकूड सांगत नाही.” मग त्या लाल डागावरून अंगठा फिरवत ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दोन हात रंधा मारला असता तर साफ निघालं असतं. मारला नाही. वरून फळी टाकली.”

माझं मन त्या वेळी त्यांच्या बोलण्यावर नव्हतंच. मी एवढंच म्हटलं, “काका, फळी परत बसवा. वरचं तेवढं आपण सांगू, खालचं कुणाला सांगायची गरज नाही.” काकांनी फळी ठेवली, पण खिळे मारले नाहीत. जुन्या लाकडाला नवा खिळा सोसत नाही, म्हणाले. आणि करवत काखेत घेऊन निघून गेले.

मंगळवारी चार वाजता मसूद आले. उंच, हडकुळे, डोक्यावर निळी बेरे टोपी, हात चुन्याने फाटलेले. मागून शिमोन, मान खाली घालून. मी चहा दिला, नारळाच्या वड्या पुढे केल्या, आणि त्यांची नजर देव्हाऱ्याकडे वळताच तयारीतच असलेलं माझं व्याख्यान सुरू केलं. हिब्रूत जितकं येत होतं तितकं सगळं त्यात ओतलं. मसूद उठले, कपाटासमोर वाकले, खळग्यांवर बोटं ठेवून ती ओठांना लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एस्तेर माझ्याकडे बघून पहिल्यांदाच मोकळं हसली. आणि तेवढ्यात, उठताना त्यांनी आधाराला हात टेकला आणि फळी डुगडुगली.

दगड फोडणारा माणूस तो. जे हलतं ते उचलून बघितल्याशिवाय त्याला राहवेल कसं? त्यांनी फळी काढली. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “हे काय आहे?”

“रंग,” मी म्हटलं. “जुना रंग आहे.”

इतक्या सहज आलं ते तोंडातून, की मलाच नवल वाटलं. आणि माझ्या मागून, ज्यांचा आवाज पाहुण्यांनी तोवर ऐकलाही नव्हता ते आमचे हे, मराठीतच म्हणाले, “रंग नाही. कुंकू आहे ते.”

मी अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं की दुसरा माणूस भस्म झाला असता. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या लाल डागाकडे बघत होते. आणि हिब्रू त्यांना धड येत नसल्याने ते मराठीतच, मध्ये मध्ये थांबत, बोलत गेले. गावी ते दहा वर्षांचे होईपर्यंत राहिले होते. आमच्या वर्षारंभाला, ज्याला आम्ही नव्याचा सण म्हणतो, आजी गव्हाच्या चिकाचा हलवा करी, आणि घरात कुणीही तोंडात टाकायच्या आधी त्याची पहिली ताटली सुताराच्या घरी जाई. ती न्यायचं काम यांचं. दरवर्षी सुताराची म्हातारी ताटली घेताना पदराने हात पुसून विचारी, “देव बरा हाय ना रं तुमच्याकडं?” आणि आजीने पढवून पाठवल्याप्रमाणे हे म्हणत, “बरा हाय.” मग म्हातारी ताटली कधी रिकामी परत करत नसे. “मला वाटायचं, ती आमची खुशाली विचारते आहे,” हे म्हणाले. “कपाट तिच्या घरचं होतं. ती काय विचारत होती ते मला आज कळलं.”

भाषांतर केलं ते एस्तेरने. जी मुलगी माझ्या मराठीला कधी मराठीत उत्तर देत नव्हती, तिने बापाचा एकही शब्द गाळला नाही, हलव्याची ताटलीसुद्धा नाही. मसूद सगळं ऐकून घेईपर्यंत हातातली फळी तशीच धरून उभे होते. मग त्यांनी विचारलं, “ही फळी कुणी टाकली?”

“आमच्या लोकांनी,” मी म्हटलं. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

“आणि खालचं खरवडून काढलं नाही?”

“नाही.”

त्यांनी फळी परत बसवली. पाथरवटाच्या सवयीने चारी कडा अंगठ्याने तपासल्या. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “बाई, मला रंग आणि कुंकू यांतला फरक ठाऊक नव्हता. तुम्ही म्हणालात तेच मी मानलं असतं, आणि मग कधीतरी कळल्यावर तुमची कुठलीच गोष्ट मानली नसती.” माझे कान तापले. मग शिमोनच्या खांद्यावर हात ठेवून ते यांच्याकडे वळले. “ज्यांनी दुसऱ्याची खूण खरवडली नाही, त्यांच्या घरी मुलगा द्यायला माझी ना नाही.”

कचेरीने आपला वेळ घेतला. पुढच्या उन्हाळ्यात केव्हातरी कागद आला आणि लग्न झालं. पणजीच्या आईच्या नावाची ती रेघ शेवटपर्यंत रेघच राहिली. माझ्या मनात मात्र त्या दुपारनंतर वेगळंच काहीतरी सलत राहिलं. कारकुनाने माझी माणसं मोजली नाहीत म्हणून मी बसभर ओरडले होते, आणि ज्या घराने आपल्या देवाची जागा आमच्यासाठी रिकामी केली त्या घराला मी एका शब्दात रंग म्हणून मोकळी झाले होते. हे बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी यांना चहा देताना “बरं केलंत” एवढंच म्हटलं, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं म्हणायलाही मला जड गेलं हे त्यांनी ओळखलं असावं.

लग्नानंतर एका दुपारी मी पत्र लिहायला बसले. शेकडो मुलींना मी पत्रलेखन शिकवलं आहे: मायना, मजकूर, समारोप. पण इथे मायन्यापाशीच अडले, कारण त्या घरातल्या कुणाचं नाव यांना आठवत नव्हतं. म्हातारीला सगळे नुसतं सुतारीण म्हणत. शेवटी मायना गाळला. पहिली ओळ लिहिली, की आपलं कपाट आमच्याकडे आहे आणि मुलीचं लग्न त्याच्या साक्षीने ठरलं. मग पत्राखाली सही करायची वेळ आली. माझं नाव त्यांना काय सांगणार? यांचं नाव तरी कुणाला आठवणार? शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनवारतेली म्हणत, आणि मुंबईत शिकले-सवरलेले झाल्यावर आम्ही ते नाव पुसून टाकलं होतं. मी तर वर्गात कुणी उच्चारलं तरी गोरीमोरी होई. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले, आणि मग स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं: शनवारतेल्यांच्या घरची सून.

ते घर अजून उभं आहे की नाही, मला ठाऊक नाही. पत्र पोचेल की नाही हेही नाही. पण बीरशेवाला तीन पानं भरूनही मी कोण ते मला सांगता आलं नव्हतं, आणि त्या दारात एवढे तीन शब्द पुरतील, ही खात्री माझ्या मनात कुठून आली ते मी अजून शोधते आहे.